नावापर्यंत भरलेला ग्लास

फॉर्मवरचा एक प्रश्न

ऑपरेशनच्या आधी जो फॉर्म भरून घेतात, त्यात एक प्रश्न असतो: आठवड्याला किती ड्रिंक्स घेता? बाकीचे प्रश्न सोपे असतात. कसली ऍलर्जी आहे का, आधी कधी भूल दिली होती का, दात खरे आहेत की कवळी. या एका प्रश्नापाशी मात्र माझ्यासारख्या माणसाचं पेन अडतं. मी जरा आठवल्यासारखं केलं आणि 'चार' लिहिलं. माझी बायको माधवी शेजारीच बसली होती. तिने तो आकडा वाचला आणि मान वळवून खिडकीबाहेरच्या पार्किंग लॉटकडे बघत राहिली.

त्या 'चार'मुळे माझ्या जिवाशी खेळ होता होता राहिला. आतड्यातल्या गाठीचा त्यात काही दोष नव्हता, ती बिचारी वेळेत सापडली होती. तुमच्यापैकी कुणावर असा फॉर्म भरायची वेळ आली, तर पेन अडेल तिथे माझी आठवण यावी, म्हणून हे लिहितोय.

मी अविनाश. मूळचा नागपूरचा, वय चौपन्न. पंचवीसेक वर्षांपूर्वी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आलो आणि गेली चौदा वर्षं ऍरिझोनात चँडलरला आहे, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत. मुलगी ईशा अमेरिकेतच जन्मली. ती घरी राहूनच युनिव्हर्सिटीत शिकते.

कोथिंबीर

पन्नाशी आली की आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या, असं डॉक्टर कधीचे सांगत होते. त्यात काय काय करतात हे ऐकून मी ती चार वर्षं पुढे ढकलली. शेवटी माधवीनेच अपॉइंटमेंट घेतली. तपासणीत एक गाठ दिसली, तिचा तुकडा लॅबला गेला आणि पाच दिवसांनी फोन आला.

मी तेव्हा इंडियन ग्रोसरीच्या बाहेर होतो. बाहेर एकशे आठ डिग्री फॅरनहाइट, गाडीचं हँडल हाताला चटके देत होतं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. डॉक्टर शांतपणे बोलत होते, मी 'ओके, ओके' म्हणत होतो. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. फोन ठेवला तेव्हा कोथिंबीर उन्हाने मान टाकून बसली होती. मी पुन्हा दुकानात गेलो, दुसरी जुडी घेतली आणि रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाईंनी विचारलं, "दादा, एकच वस्तू आहे ना? मग तुम्ही पुढे व्हा." एवढ्याशा बोलण्याने माझ्या डोळ्यात पाणी आलं. त्या दिवशी कुणी जरा बरं बोललं तरी मला रडू येत होतं.

सर्जनबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. गाठ लहान आहे, पसरलेली दिसत नाही, आतड्याचा थोडा भाग काढू, साडेचार आठवड्यांनी तारीख देते, म्हणाल्या. मग बोट वर करून: आजपासून दारू बंद. रक्तस्राव, जखम भरणं, इन्फेक्शन, सगळ्यावर तिचा परिणाम होतो. त्यांच्या ऑफिसातली ब्रेंडा नावाची नर्स सगळी तयारी बघायची. तिने फोन करून पुन्हा तेच सांगितलं आणि वर एक वाक्य जोडलं: तू जर रोज पीत असशील, तर आपल्या मनाने एकदम थांबवू नकोस, आधी मला सांग.

"नो, नो," मी म्हणालो, "ओन्ली सोशली."

बसणं

यात मी खोटं बोलत होतो असं मला खरंच वाटत नव्हतं. आपल्याकडे 'पिणं' वेगळं आणि 'बसणं' वेगळं. पितो तो दारुडा. आपण बसतो. शुक्रवारी, क्वचित शनिवारी, मित्रांबरोबर, समोर शेंगदाण्यात कांदा-टोमॅटो आणि लिंबू. बसायला माणसं लागतात. मग सोमवार ते गुरुवार आणि रविवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावर मी गॅरेजमध्ये एकटाच खुर्ची टाकून जे करत होतो, ते कशात धरायचं? मी ते कशातच धरत नव्हतो. ते हात-पाय धुण्यासारखं होतं. म्हणून फॉर्मवर शुक्रवारचे दोन आणि शनिवारचे दोन, असे मिळून चार.

आणि एक म्हणजे किती, तेही सांगायला हवं. त्यासाठी पिस्कॅटवेला जावं लागेल.

चार ग्लास

मी अमेरिकेला निघालो तेव्हा आईने बॅगेत स्टीलचे चार ग्लास भरले. तिथे आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहणार हे तिला कळलं होतं. "चौघांना पाणी प्यायला चार तरी नकोत का? तिथं कागदाच्या पेल्यात पितात म्हणे," ती म्हणाली. आमच्या घरात नाव घातल्याशिवाय भांडं यायचं नाही. इतवारी बाजारातल्या दुकानात छिन्नी-हातोडीने ठिपके ठोकून नाव घालणारा एक म्हातारा बसायचा. आईने त्याला नाव मध्याच्या खाली घालायला लावलं, कारण वर घातलं की घासून घासून पुसतं. प्रत्येक ग्लासवर तळापासून तीन बोटांवर: सौ. सुमन. पत्रा पातळ होता, त्यामुळे त्या ठिपक्यांचे उंचवटे आतल्या बाजूनेही बोटाला लागायचे.

पिस्कॅटवेच्या त्या दोन बेडरूमच्या घरात आम्ही चौघं राहायचो: मी, पुण्याचा शिरीष, मुंबईचा दिलीप आणि संतोष, तोही नागपूरचाच. चौघांत एक सेकंडहँड गाडी आणि एक कॅरम. खुर्च्या नव्हत्याच, गालिच्यावर सतरंजी. पहिल्या हिवाळ्यात तिघं बेंचवर होतो. बेंच म्हणजे व्हिसावर आणून कंपनी प्रोजेक्ट मिळेपर्यंत नुसतं बसवून ठेवते ते. दिवसभर मुलाखतीच्या फोनची वाट बघायची, दुपारी दिलीपच्या हातची खिचडी खायची, संध्याकाळी बर्फ उकरून गाडी मोकळी करायची, जायचं कुठेच नसायचं.

शिरीषला पहिला प्रोजेक्ट मिळाला त्या शुक्रवारी त्याने व्हिस्कीची बाटली आणली. काचेचा ग्लास घरात एकही नव्हता. आईचे ग्लास पुढे आले. कुणाला जास्त, कुणाला कमी यावरून कटकट नको म्हणून शिरीषने ग्लासात बोट घालून ठिपके चाचपले आणि म्हणाला, "हे माप. प्रत्येकाला काकूंच्या नावापर्यंत." तेव्हापासून तेच माप झालं. कुणाला प्रोजेक्ट मिळाला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नुसतंच घर आठवलं की 'आज नावापर्यंत' एवढंच म्हणायचं. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर, दिलीपचा बरा आवाज आणि संतोषचा वाईट. मला अजून त्या गालिच्याचा वास आठवतो. तेवढा सुखी मी नंतर फार कमी वेळा झालो.

आई दर रविवारी फोनवर विचारायची, "मी दिलेले ग्लास वापरतोस ना रे? की टाकलेस कुठं माळ्यावर?"

"वापरतो ना आई. रोज."

मागे तिघं तोंडात सतरंजी कोंबून हसायचे. आणि आई शेजारच्या काकूंना अभिमानाने सांगायची, अवी रोज वापरतो म्हणे माझे ग्लास.

ते घर सोडलं तेव्हा आम्ही एकेक ग्लास वाटून घेतला. दिलीप पुण्याला परत गेला. संतोष सांता क्लाराला. शिरीष माझ्यानंतर दोन वर्षांनी चँडलरला आला, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतो. शुक्रवारची बैठक माझ्या गॅरेजमध्ये सुरू झाली, आणि मग घरून काम करायचे दिवस आले, त्यातच आई गेली. मला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर कधीतरी शुक्रवारचा गुरुवार झाला, गुरुवारचा रोज. ग्लासात बोट घालून ठिपके लागले की आई, ते घर, ते तिघं, सगळं एकदम जवळ यायचं. दुसरा ग्लास भरेपर्यंत ते टिकायचं. पिण्याची सवय लागली असं मी कधी म्हटलं नसतं. मला त्या दिवसांची सवय लागली होती.

आज तरी बस

दारू बंद, असं ठरलं तेव्हा मी शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, "चार आठवडे? यार अव्या, मग रविवारी तरी बस. सेंड-ऑफ समज. सोमवारपासून एकदम सोवळं."

हे फक्त आपल्यालाच सुचतं. उपास करायचा तर आदल्या दिवशी पोटाला तड लागेपर्यंत जेवून घ्यायचं. रविवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये आम्ही बसलो. तीन ग्लास. नावापर्यंत. सोमवारी सकाळी मी बाटल्या रिकाम्या करून रिसायकलच्या डब्यात टाकल्या आणि माधवीला बोलावून दाखवल्या. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंस ना?" मी म्हणालो, "डॉक्टरांनीच तर सांगितलंय." अर्धंच खरं होतं ते.

सोमवारी रात्री नीट झोप लागली नाही. मंगळवारी मीटिंगमध्ये एसी चालू असताना शर्ट पाठीला चिकटला. छातीत धडधड, जेवण जात नव्हतं. मी म्हटलं, कॅन्सरची भीती आहे, दुसरं काय. बुधवारी सकाळी पत्रपेटी उघडायला गेलो तर किल्ली भोकात जाईना. दोन्ही हातांनी धरून बघितली तरी जाईना. घरात येऊन चहा ओतला तो बशीत, ओट्यावर आणि माझ्या पायावर. कप खाली ठेवताना तो बशीवर कडकड वाजला.

ईशा क्लासला निघाली होती. बॅग खांद्यावरच ठेवून तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"बाबा, हाउ मच डू यू ऍक्च्युअली ड्रिंक?"

आमटीचा मेझरिंग कप

"फारसं नाही," मी म्हणालो. "दोन."

"दोन व्हॉट?"

मी उत्तर द्यायच्या आत ती गॅरेजमध्ये गेली आणि आईचा ग्लास घेऊन आली. ओट्यावर माधवीचा मेझरिंग कप होता, आमटीला पाणी मोजायचा, एका बाजूला औंसाच्या खुणा. ईशाने ग्लास माझ्यापुढे ठेवला. "शो मी. वन."

मी नळाखाली ग्लास धरला. बोट आत घातलं, ठिपके सापडेपर्यंत पाणी सोडलं. हात इतका कापत होता की थोडं सांडलं, पुन्हा भरलं. तिने ते पाणी मेझरिंग कपात ओतलं, कप ओट्यावर ठेवला आणि वाकून डोळ्याच्या रेषेत आणून बघितलं. तिच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बघतात तसं.

"फोर अँड अ हाफ आउन्सेस," ती म्हणाली. "वन ड्रिंक इज वन अँड अ हाफ. दॅट्स थ्री ड्रिंक्स, बाबा. अँड यू हॅव टू ऑफ दीज? एव्हरी डे?"

मी इंजिनिअर आहे. नखाच्या टोकावर शेकडो वायरी मावतील असल्या मापांत माझा दिवस जातो. आणि पंचवीस वर्षांत एकदाही मी त्या ग्लासात किती मावतं ते मोजलं नव्हतं. रोजचे दोन, म्हणजे सहा. आठवड्याचे बेचाळीस. फॉर्मवर चार.

आधी मला संताप आला. "आता पोरगी बापाची मापं काढणार का?" मी ओरडलोच. ईशाचा चेहरा पडला. तिला ओरडून मी माधवीकडे वळलो. "तुला माहीत होतं, तर तू का नाही बोललीस? फॉर्म भरताना शेजारी बसली होतीस."

माधवी ओट्यावर सांडलेला चहा पुसत होती. पुसतच म्हणाली, "मी कधी मोजलं नाही, अवी. मोजलं असतं तर बोलावं लागलं असतं. तू नोकरीवर जात होतास, कुणाशी भांडत नव्हतास, आईंच्या आठवणीने गप्प बसायचास. मला वाटायचं, असू दे." मग फडकं खाली ठेवलं. "ते असू दे म्हणणं चुकलं माझं. आता फोन कर."

त्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं उभे होतो आणि मला माझी लाज वाटली. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. गाठीची भीती होतीच, पण ही निराळी.

बेचाळीस

ब्रेंडाला फोन लावला. काय बोलायचं ते मनात तीनदा घोळवलं. ऑपरेशन रद्द करतील, फाइलवर दारुडा असा शिक्का बसेल, इन्शुरन्सला कळेल, ऑफिसला कळेल. नुसतं 'जरा हात थरथरतायत' म्हणावं का? माधवी समोर उभी होती. ईशा दारात.

"ब्रेंडा," मी म्हणालो, "मी फॉर्मवर चार लिहिलं होतं. ते बेचाळीस आहेत. आणि मी सोमवारी थांबवलंय."

पलीकडे तिने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी."

बस, एवढंच. ना ओरडली, ना सुस्कारा टाकला. मला वाटतं, त्या पाच शब्दांनी मला वाचवलं. मग तिने भराभर विचारलं: घाम येतोय का, काही दिसतंय का, ऐकू येतंय का, कधी फिट आली होती का. शेवटी: तू गाडी चालवायची नाहीस, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत ये, मी त्यांना कळवते.

ईशाने क्लास कॅन्सल केला. गाडी तिने चालवली. मी मागे बसलो, माधवीने माझे दोन्ही हात तिच्या ओढणीत गुंडाळून घट्ट धरले होते.

हात पुढे

तीन दिवस वॉर्डात होतो; रोजची दारू एकदम तोडली की अंग असं थरथरतं, फिटही येऊ शकते, म्हणून. दर थोड्या तासांनी नर्स यायची आणि म्हणायची, हात पुढे कर, बोटं पसर. किती कापतात त्यावर औषध ठरायचं. पहिल्या दिवशी खूप कापत होते. मला शाळेतली नखं तपासणी आठवायची. सोमवारी प्रार्थनेनंतर रांगेत हात पुढे करून उभं राहायचं, नखात माती निघाली की छडी. आई रविवारी रात्रीच नखं कापून ठेवायची, म्हणून मला कधी छडी बसली नाही. आता चौपन्नाव्या वर्षी हात पुढे केले होते आणि नखं कापायला आई नव्हती.

सर्जनबाई भेटायला आल्या. ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं. मी विचारलं, तेवढ्यात गाठ वाढणार नाही ना? त्या खुर्ची ओढून बसल्या. दोन आठवड्यांनी तिला फारसा फरक पडत नाही, म्हणाल्या. पण तू ऑपरेशनपर्यंत पीत राहिला असतास आणि हेच नंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झालं असतं, पोटात ताजे टाके असताना, तर आम्ही इन्फेक्शन शोधत बसलो असतो, कारण आमच्याकडच्या कागदावर चार लिहिलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं आणि गेल्या. मी छताकडे बघत पडून राहिलो. आपण बंद केली याचा मला सोमवारी केवढा अभिमान वाटला होता. बंद करायची होतीच. पण किती होती ते आधी सांगून, त्यांच्या देखरेखीखाली.

शिरीष

शिरीष दुसऱ्या दिवशी आला. दारातच घुटमळला. नेहमी खोलीत यायच्या आधी त्याचा आवाज येतो, त्या दिवशी आला नाही.

"मी रविवारी बसवलं तुला," तो म्हणाला.

"मीच बसलो," मी म्हणालो. "तू काय नाकाला चिमटा लावून पाजलीस का?"

तो हसला नाही. खिडकीपाशी गेला, परत आला. मी त्याला मेझरिंग कपची गोष्ट सांगितली. साडेचार औंस ऐकल्यावर तो खुर्चीवर बसला.

"ते माप मी काढलं होतं रे," तो म्हणाला.

"तेव्हा ते बरोबर होतं. महिन्यातून एकदा, चौघांत. बाटली संपायची आणि गाणी उरायची."

मग आम्ही पिस्कॅटवेबद्दल बोलत बसलो. संतोषने बर्फात आपली गाडी समजून शेजाऱ्याची गाडी उकरून काढली होती ती सकाळ. दिलीपला प्रोजेक्ट मिळाल्याचा फोन आला तेव्हा तो आंघोळीला होता आणि फोनवर त्याच्या वतीने शिरीषच मुलाखत दिल्यासारखं बोलला होता. तासभर हसलो. नर्सने येऊन हात बघितले, म्हणाली, आज बरेच स्थिर आहेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते सगळे दिवस हातात काही नसताना आले होते. मला इतकी वर्षं वाटायचं की ते त्या ग्लासात आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला: "मी पण मोजला. माझाही साडेचारच. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय." ग्लास चारही एकाच दुकानातले, एकाच म्हाताऱ्याने ठोकलेले. वेगळं माप येणार तरी कसं? मग तोच मेसेज त्याने पुण्याला आणि सांता क्लाराला पाठवला.

ऑपरेशन

घरी आल्यावर पहिले शुक्रवार जड गेले. संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप गॅरेजकडे वळायचे. माधवीने तिथल्या खुर्च्या काढून परसात लिंबाच्या झाडाखाली ठेवल्या. शिरीष यायचा, त्याची बायको ताक पाठवायची. ताक पिऊन रात्रभर गाता येत नाही, हे खरं आहे. साडेआठला जांभया यायला लागायच्या. पण पाच शुक्रवार निघाले.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. अंगात तो मागून उघडा गाऊन, डोक्यावर कागदी टोपी, हाताला सुई. माधवी आणि ईशा पडद्याच्या आत उभ्या. मी म्हणालो, "पाच आठवड्यांपासून शून्य. त्याआधी रोज सहा." ईशाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं, जसा रक्तगट लिहून घेतात. मग पलंग हलला आणि छतावरचे दिवे एकेक करून मागे गेले.

नंतरचं सगळं सांगत बसत नाही. आतड्याच्या ऑपरेशननंतर सगळं हॉस्पिटल एकाच गोष्टीची वाट बघतं: वारा सरण्याची. त्याशिवाय खायला मिळत नाही. सर्जनबाई विचारायच्या, नर्स विचारायची, फरशी पुसायला येणारा काकाही विचारून जायचा. आमच्या चौघांच्या ग्रुपवर दिलीपचा पुण्याहून तासातासाला प्रश्न: "झालं का?" तिसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये सलाइनचा स्टँड धरून चालताना झालं. माधवी इतकी खूश झाली की तिने ग्रुपवर फुलांचे हार पाठवले.

गाठ पूर्ण निघाली. लॅबचा रिपोर्ट चांगला आला. आता सहा महिन्यांनी तपासणी.

पाणी

वारा सरला त्याच दिवशी दुपारी पाणी प्यायची परवानगी मिळाली, एका वेळी थोडंथोडं. किती प्यालो ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचं असतं, म्हणून खुणा असलेला प्लॅस्टिकचा पेला ठेवला होता. माधवीने पर्स उघडली आणि आईचा ग्लास काढला. लख्ख घासलेला, चिंच लावून.

"तो कशाला आणलास?" मी जरा कडूच बोललो. मी तिला तो टाकून द्यायला सांगितलं होतं.

"ग्लासाने काय केलंय?" ती म्हणाली. "आईंनी पाण्यासाठी दिला होता."

तिने पाणी ओतलं. मी सवयीने बोट आत घातलं, ठिपके लागले तिथे थांब म्हणालो. घोट घोट घेत प्यालो. इतकं गोड पाणी मी कधी प्यालो नव्हतो. नर्स आली, रिकामा ग्लास बघून तिने विचारलं, किती असेल? प्लॅस्टिकचा पेला का नाही वापरला?

"फोर अँड अ हाफ आउन्सेस," मी म्हणालो.

"इतकं नक्की?"

"नक्की. मोजलंय." मी ग्लास फिरवून तिला नाव दाखवलं. "इथपर्यंत. हे माझ्या आईचं नाव आहे."

तिने ते ठिपके अंगठ्याने चाचपले आणि तक्त्यावर एकशे पस्तीस मिलिलिटर असं लिहिलं. ती गेल्यावर मी ग्लास छातीवर धरून पडलो. रविवार होता. नागपुरातून फोन यायचा तो वार. ग्लास वापरतोस ना रे, असं कुणी विचारत नव्हतं, तरी मी मोठ्याने उत्तर दिलं. माधवीने वळून बघितलं.

"वापरतो, आई," मी म्हणालो. "पाण्याला."